करपा

* मोहोपाडा परिसरातील भातखाचरांत ढगाळ, दमट हवेत पानांवर राखाडी मध्याचे, होडीच्या आकाराचे ठिपके पाडणारा हा रोग मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीमुळे होतो. तिचा जनुकसंच, म्हणजे पेशीतील समग्र आनुवंशिक सामग्री, २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही बुरशी राळ्यावरून भातावर आली असावी, असे जनुकीय तुलनेवरून मानले जाते. ज्या प्रथिनांवरून भाताचे रोप तिला ओळखून प्रतिकार करते, त्यांची जनुके अनेकदा गुणसूत्रांवर जागा बदलणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांलगत असल्याने ती सहज गळतात किंवा बदलतात, आणि एकाच प्रतिकारक जनुकावर विसंबलेले वाण काही हंगामांतच करप्याला बळी पडू शकते. त्यामुळे वाण कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राचे असो वा अन्य कुठले, त्यापुढील ‘रोगप्रतिकारक’ हा शेरा वाचकाने कायमचा समजू नये.