येशूची शिकवण्याची रीत

गुरूचे यश शिष्यांवरून मोजावे, हा दंडक लावला तर येशू ख्रिस्ताच्या पदरी प्रथम अपयशच पडते. पेरणाऱ्याचा दृष्टान्त शिष्यांना उमगला नाही. तो त्यांना एकान्तात उलगडून सांगावा लागला. पुढे त्यांच्यापैकी एकाने गुरूला धरून दिले, आणि पेत्राने ओळखसुद्धा नाकारली.

परंतु त्याची रीत पाहावी. 'माझा शेजारी कोण?' असे एका शास्त्र्याने विचारले, तेव्हा येशूने व्याख्या केली नाही. वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाची कथा सांगून त्यानेच उलट विचारले, तिघांपैकी शेजारी कोण ठरला? शास्त्र्याने उत्तर बरोबर दिले. मात्र तिरस्कृत 'शोमरोनी' हे नाव काही त्याच्या तोंडून निघाले नाही! धडा किती खोल गेला, हे त्या टाळाटाळीतच दिसते.

महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टान्त सांगितला. त्यांचे बोलही शिष्यांनीच जपले. केसोबासांनी तर 'दृष्टान्तपाठा'त दृष्टान्तांचा अर्थही जोडून दिला. येशूच्या पुष्कळ कथा मात्र अर्थाविना मोकळ्या राहिल्या. म्हणूनच श्रोत्यांगणिक त्यांचे रूप पालटले. फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'त १६१६ साली येशूचे चरित्र ओवीत उतरले, रेव्हरंड टिळक तुकोबांच्या वाटेने त्याच्याकडे गेले, आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त, स्वतः ख्रिस्ती न होता, त्याला बळीराजाच्या पंक्तीस बसविले.