पी०४२०: एका पिवळ्या दिव्याची कुळकथा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर 'पी०४२०' उमटतं आणि निदान लगेच हाती येतं: कॅट-कॉन, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गेला, बदलावा लागेल. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम पोटात घेऊन बसलेला हा भाग महाग असतो, म्हणून हा घाईचा निकाल मालकाला चांगलाच भोवतो. हा कोड जन्माला कसा आला ते पाहिलं, तर त्याचा खरा आवाका लक्षात येतो.

गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसमध्ये. १९४०च्या दशकात या शहरावर डोळे चुरचुरवणारं धुरकं साचू लागलं. अननसाच्या स्वादावर संशोधन करणारे कॅल्टेकचे डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट त्याच्या मागे लागले. गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. त्याच सुमारास युजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक बनवला, पण तेव्हाच्या पेट्रोलमधलं शिसं त्यावर बसायचं आणि तो निकामी व्हायचा. अमेरिकेत १९७०चा कडक कायदा आला, शिसेविरहित पेट्रोल आलं आणि १९७५च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुतेक नव्या गाड्यांखाली दिसू लागला.

मग नवीच अडचण उभी राहिली. कन्व्हर्टर निकामी झाला तरी गाडी छान पळते, मालकाला पत्ताच लागत नाही. म्हणून कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने गाडीने स्वतःच तक्रार करावी असा नियम केला. १९८८च्या मॉडेलांपासूनची पहिली आवृत्ती मर्यादित होती. दुसरीत, म्हणजे ओबीडी-२ मध्ये, कन्व्हर्टरवर पाळत ठेवणं सक्तीचं झालं. ती १९९४पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९९६च्या मॉडेलांपासून साऱ्या अमेरिकेला लागू झाली.

पण पाळत ठेवायची कशी? हायड्रोकार्बन मोजणारी प्रयोगशाळेतली यंत्रं प्रत्येक गाडीखाली बसवणं शक्यच नव्हतं. अभियंत्यांनी काढलेली वाट फार सुंदर आहे. कन्व्हर्टरच्या लेपात सिरियमचं ऑक्साइड असतं. धुरात ऑक्सिजन जास्त झाला की ते तो साठवतं, कमी पडला की सोडतं. इंजिनाचं मिश्रण सतत किंचित वर-खाली होत असतं, त्यामुळे कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टदरम्यान झोके घेतो. साठा शाबूत असेल तर पलीकडच्या सेन्सरपर्यंत ते झोके पोचत नाहीत, तो जवळपास स्थिर राहतो. साठवणशक्ती आटली की पलीकडचा सेन्सरही आधीच्यासारखाच झुलू लागतो. संगणक ही तुलना करतो आणि पी०४२० नोंदवतो. म्हणजे धुरातलं विष त्याने मोजलेलंच नसतं. ऑक्सिजनच्या हालचालीवरून बांधलेला तो एक अंदाज असतो, भक्कम असला तरी अंदाजच.

भारतात नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टरची सक्ती १९९५ साली मुंबईसह चार महानगरांपासून सुरू झाली, शिसेयुक्त पेट्रोल २०००मध्ये देशभरातून हद्दपार झालं आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३पासून लागू झालं. त्यामुळे हाच कोड आता पुण्या-नाशिकच्या गॅरेजांतही निघतो.

अंदाज फसतो तो ठरावीक जागी. मागच्या सेन्सरच्या आधी पाइपचा जोड किंवा गॅस्केट गळत असेल, तर धुराच्या दोन ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला नसलेला ऑक्सिजन दिसतो. गळती सापडण्याची सर्वांत सोपी वेळ म्हणजे थंड इंजिन सुरू केल्यावरचे पहिले क्षण, कारण धातू तापून फुगला की फट मिटते. काही मॉडेलांत तर निर्मात्यांनी संगणकाचा प्रोग्रॅम सुधारून हा कोड थांबवला आहे, त्यामुळे अपडेट आहे का ही चौकशी आधीच करावी.

आणि कन्व्हर्टर खरोखर मेला असेल, तर त्याला कोणी मारलं? प्लग किंवा कॉइल बिघडून मिसफायर होत असेल, तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. ऑइल जाळणाऱ्या इंजिनातला फॉस्फरस लेपावर थर धरतो. सोबत पी०३०० मालिकेतला मिसफायरचा कोड असेल, तर आधी त्याचाच बंदोबस्त व्हायला हवा, नाहीतर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो. दिवा लुकलुकत असेल तर तो चालू मिसफायरने कन्व्हर्टरला होणाऱ्या इजेचा इशारा असतो. अशा वेळी जोरात गाडी दामटू नये.

कोड पुसण्याची घाईही नको. कोड नोंदवताना संगणक त्या क्षणाचा वेग, इंजिनाचं तापमान आणि इंधनाचं प्रमाण गोठवून ठेवतो. 'क्लिअर' दाबताच ते आकडे जातात आणि कन्व्हर्टरची तपासणी पूर्ण झाल्याची नोंदही जाते. गाडी नीट तापून ठरावीक वेगाने काही काळ चालल्याशिवाय ती तपासणी पुन्हा होत नाही, म्हणून दिवा विझला याचा अर्थ दोष मिटला असा तोवर धरता येत नाही.