घर कोणाच्या हाती द्यावे?

आमच्या गोंदियाजवळच्या मुर्रीत कोणी जुने मातीचे, कवेलूंचे घर नव्याने करायला काढले, की वास्तुविशारद कसा निवडावा, असा प्रश्न येतोच. मी त्यांना किल्लारीची हकीकत सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जनानंतरची ती पहाट. लातूर-उस्मानाबादकडच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे गेली. घात केला तो घरांनीच! दगडी भिंती दिसायला किल्ल्यासारख्या. पण आत दोन वेगळे थर, मध्ये मातीची भर, दोहोंना सांधणारा आरपार दगड नाही, आणि माथ्यावर धाब्याच्या मातीचा भार. पुढे पुष्कळ घरे जागच्या जागीच सावरली. धाब्याची माती उतरवली, भिंतीत आरपार बंध घातले, वर काँक्रीटचा पट्टा बांधला. नव्या रूपाआधी जुन्या घराची नाडी पाहिली गेली.

म्हणून वाचकहो, पहिल्याच भेटीत रंगीत चित्रे पसरणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा. जो भिंत ठोकून पाहतो, आढ्यापर्यंत चढतो, पाणी कुठे मुरते ते घरच्या आजीला विचारतो आणि ‘या भिंतींवर स्लॅब नको’ असे सांगायला कचरत नाही, त्याच्याच हाती घर द्यावे.