आभाळातली गंगा

आमच्या परभणी जिल्ह्यात म्हातारी माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगाच म्हणतात. तिच्या काठचं गाव ते गंगाखेड. त्यामुळं वर आभाळातही एक गंगा वाहते, हे आम्हाला लहानपणी वेगळं शिकवावं लागलं नाही. ७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, पण ती मात्र दुथडी भरलेली दिसायची.

तेव्हा घरात घासलेटची चिमणी अन् गोठ्यात कंदील. रात्रीचं घड्याळ म्हणजे आभाळच. हिवाळ्यात तिकांडं मावळतीला कललं, की आजा मोट जुंपायला उठायचा.

ही गंगा म्हणजे ताऱ्यांची दाटी, हे गॅलिलिओनं १६१० साली दुर्बिणीतून बघून जगाला सांगितलं. तिची रुंदी सुमारे एक लाख प्रकाशवर्षं. आपला सूर्यही तिच्यातलाच, म्हणजे आपण तिला आतूनच बघतो. वैशाखातल्या अवसेला मध्यरात्रीनंतर दक्षिणेला बघा. विंचवाच्या शेपटीजवळ पट्टा सगळ्यात दाट असतो, कारण आकाशगंगेचा मध्य त्याच बाजूला आहे.

मग गावात वीज आली. लोकांनी नारळ फोडले, ते बरोबरच होतं. पोरांचा अभ्यास चिमणीच्या धुरातून सुटला. पिवळ्या बल्बच्या काळातही मळ्यात गेलं की आकाशगंगा दिसायची. ती पुसली पांढऱ्या एलईडीनं अन् चौकातल्या हायमास्टनं. आता नातवंडांना ती पुस्तकातल्या चित्रात दाखवावी लागते.

शहरातले पाहुणे अंधाराचं कौतुक करतात. आमच्या पंपाला लाईट बऱ्याचदा रात्रीच येते. दारं धरायला जाताना पायाखाली साप निघतो. त्यामुळं अंधार आम्हालाही नको. पण उजेड पायाखाली पाहिजे, आभाळात सांडून काय उपयोग?

हे जमण्यासारखं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले. गावं काही अंधारात गेली नाहीत.

पाणी कुठं वळवायचं, किती सोडायचं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. उजेड मात्र आपण मोकाट सोडलाय. पुढचा खांब रोवताना ग्रामसभेत एवढंच विचारावं : दिव्याचं तोंड कुणीकडं?