शास्त्री बाजारातली पचरी

श्रावणातली संध्याकाळ. रायपूरच्या शास्त्री बाजारात तुम्ही कोथिंबीर घ्यायला आलात आणि आता पिशवी डोक्यावर धरून उभे आहात. हवामान खात्याचा नारिंगी इशारा सकाळीच फोनवर आला होता. त्यात ‘अतिमुसळधार’ असा शब्द होता, म्हणजे 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर. तो वाचून तुम्ही छत्री घेतलीत, बस्स. मघाशी घोट्याशी असलेलं पाणी पोटरीला लागलंय आणि कुणाचे तरी कांदे तरंगत पायावर आपटतायत. टोपली फळीवर चढवता चढवता भाजीवाली म्हणते, “तरिया रहिस इहाँ, बाबू.”

इथं तळं होतं. लेंडी तालाब. ते बुजवून बाजार झाला. रजबंधा तलाव बुजला आणि तिथं वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आल्या. तुम्ही पाऊल पुढे टाकता. डांबर लागत नाही. पायाखाली पचरी आहे, तळ्यात उतरणारी दगडी पायरी.

दोन पायऱ्या उतरलात की 1877. रेल्वे अजून रायपूरला पोचलेली नाही. कलकत्त्याच्या दत्तांचं बिऱ्हाड नागपूरहून बैलगाडीनं आलंय आणि त्यांचा चौदा वर्षांचा नरेंद्र बूढापाऱ्यात राहतोय. पुढे विवेकानंद म्हणून त्याचा पुतळा इथल्याच बूढा तालाबात उभा राहणार आहे. हा तलाव पूर्वी जवळजवळ एक चौरस मैल पसरला होता, अशी नोंद इंग्रजांनी 1870 च्या गॅझेटियरात करून ठेवलीय. पूर्वी! म्हणजे आक्रसणं तेव्हाच सुरू झालं होतं. सगळं पाप आपल्याच पिढीचं नाही, हे कळून जरा बरं वाटतं. फार वाटू देऊ नका. उतरत राहा.

अठराव्या शतकाची अखेर. मराठ्यांचा अंमल. रात्र आहे, पाऊस तोच. तुम्ही महाराजबंधाच्या पारीवर उभे आहात, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर. बाजूला रामचंद्राचं देऊळ अंधारात चिंब भिजतंय. बिंबाजी भोसल्यांनी ते 1775 मध्ये बांधलं. पारीवर एक माणूस उकिडवा बसलाय, डोक्यावर बांबूची खुमरी, हातात कुदळ. पाण्याच्या कडेला त्यानं एक खुंटी ठोकलीय. ती बुडाली की थोडी वर दुसरी ठोकतो. बोलत नाही.

मग उठतो आणि पाण्याकडे पाठ करून बांधाच्या मागच्या उतारावर जातो. तुम्हाला नवल वाटतं. पाणी तर पुढे आहे! तो पायथ्याशी पाझरणारं पाणी ओंजळीत धरून दिवटीपाशी नेतो. नितळ आहे. नितळ पाझर चालतो; गढूळ झाला तर आतली माती वाहून चाललीय, बांध पोखरतोय. आणि पाणी माथ्यावरून ओसंडलं तर मातीचा बांध बघता बघता वाहून जातो. म्हणून ते काठोकाठ येण्याआधीच तो कुदळीनं बाजूची वाट मोकळी करतो. पाणी पैठूत वळतं. पैठू म्हणजे तळ्याबाहेरची, जास्तीचं पाणी थांबायची जागा. तिथून ते भाताच्या खाचरांत जाईल. पैठू वर्षातले दहा महिने रिकामा पडलेला असतो. तुमच्या शतकात असला तुकडा मोकळा दिसला की त्यावर प्लॉट पडतात, हे तुम्ही त्याला सांगत नाही.

खाली पाऱ्यातून, म्हणजे वस्तीतून, राखणदार कोटवार हाका देत चाललाय. म्हातारी माणसं, पोरं, गुरं उंचावर निघालीत. पाणी अजून एकाही उंबऱ्याला लागलेलं नाही. इतकी घाई कशाला, असं तुम्ही विचारता. खुमरीवाला तुमच्याकडे असा बघतो की तुम्ही गप्प होता. वाट दिसते आहे तोवरच चालता येतं.

पुन्हा बाजार. पाणी गुडघ्याला. विजेच्या खांबाला धरायला हात पुढे जातो, तो तुम्ही मागे घेता. भाजीवालीकडून बांबू मागून घेता आणि पुढची जमीन चाचपत, उघडी नाली टाळत निघता. वाहतं पाणी 15 सेंटिमीटर असलं तरी माणसाचा तोल जातो, 60 सेंटिमीटरला मोटार तरंगते. पुलाखालच्या बोगद्यात एक दुचाकीवाला उतरू बघतोय. तुम्ही ओरडता. तो चिडतो, पण थांबतो.

तात्यापाऱ्यात घरी पोचता तेव्हा नागपूरहून आत्याचा फोन चालू आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तिथं अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि लोक झोपेत असताना घरांत पाणी शिरलं. तेव्हापासून रायपूरला ढग आले की आत्या फोन करते. “मेन स्विच पाडला का? कागदपत्रं माळ्यावर टाकलीत? 112 नंबर लिहून ठेवलाय ना भिंतीवर?” आई प्रत्येक प्रश्नाला हो म्हणते. स्विच खरोखरच पाडलेला आहे. घरात मेणबत्ती आहे.

खालच्या मजल्यावर मागच्याच महिन्यात नवं बिऱ्हाड आलंय. त्यांना ही गल्ली ठाऊक नाही. टॉर्च घेऊन तुम्ही जिना उतरता आणि दार ठोठावता. पाणी अजून दोन पायऱ्या खाली आहे.