कोलिस्टिन: कोंबडीच्या खाद्यातून रुग्णालयापर्यंत

कोलिस्टिन हे अँटिबायोटिक १९४९ मध्ये जपानमध्ये सापडले. ते मूत्रपिंडांना इजा करू शकते, त्यामुळे कमी त्रासाची औषधे आल्यावर डॉक्टरांनी ते जवळपास बाजूला ठेवले. पुढे अतिदक्षता विभागांत इतर कशालाच दाद न देणारे जिवाणू आढळू लागले आणि नाइलाजाने हे जुने औषध परत आले. ते चालले नाही, तर डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नाही.

मधल्या काळात पशुपालनात मात्र ते भरपूर वापरले गेले. स्वस्त औषध खाद्यात थोडे मिसळले की डुकरे आणि कोंबड्या लवकर वजन धरतात आणि दाटीवाटीच्या शेडमध्ये पोटाचे आजार कमी होतात, असा हिशेब होता. पण थोडे औषध रोज मिळाले की कमकुवत जिवाणू मरतात आणि चिवट तेवढे उरतात.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक सापडल्याचे जाहीर केले. ते असले की ई. कोलायसारख्या जिवाणूवर कोलिस्टिनचा परिणाम होत नाही. कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये, तर रुग्णालयातल्या १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांत ते आढळले. खरी चिंता या आकड्यांची नव्हती. हे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर होते. असे कडे एक जिवाणू शेजारच्या जिवाणूला देऊ शकतो, तो वेगळ्या जातीचा असला तरी.

‘चिकन खाल्ले की शरीरात अँटिबायोटिक जाते’ असे मेसेज फिरत असतात. मांसात औषधाचा अंश राहणे हा वेगळा प्रश्न आहे; इथे धोका जिवंत जिवाणूंचा आहे. पूर्ण शिजलेल्या रश्श्यात ते मरतात. ते पसरतात त्याआधी: नळाखाली चिकन धुताना उडालेल्या शिंतोड्यांतून, आणि त्याच सुरीने, त्याच पाटावर कोशिंबिरीची काकडी चिरली की तिच्यातून. हळद-मीठ लावून ठेवल्याने ते मरतील, हा भरवसा धरू नये. शाकाहारी घरेही यातून सुटत नाहीत, कारण नीट न कुजलेले कोंबडखत शेतात पडले की हे जिवाणू कच्च्या भाज्यांवरही येऊ शकतात.

पोटात गेलेला असा जिवाणू बहुतेकदा काहीच त्रास देत नाही, आतड्यात मुक्काम करून राहतो. पुढे कधी लघवीचा संसर्ग झाला किंवा शस्त्रक्रियेनंतर तोच जिवाणू रक्तात शिरला, तर औषध लागू पडत नाही. तेव्हा त्या कोंबडीची आठवणही कोणाला नसते.

चीनने २०१७ मध्ये प्राण्यांच्या वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे थांबवले. त्यानंतरच्या पाहणीत डुकरांतल्या ई. कोलायमधले कोलिस्टिनला न जुमानणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मधल्या ३४ टक्क्यांवरून २०१७-१८ मध्ये सुमारे ५ टक्क्यांवर आले. इतक्या लवकर असा उतार दिसणे विशेषच. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेले प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यपालन आणि पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली. माणसांच्या उपचारासाठी ते औषध आजही मिळते.