नेटवर्क स्टोरेजची उघडी दारे

नेटवर्क स्टोरेजचे उपकरण, व्यवहारात ज्याला ‘नॅस’ म्हणतात ते, दिसायला हार्ड डिस्कची पेटी असते; आत मात्र एक पूर्ण संगणक असतो. त्यावर बहुधा लिनक्स चालते, फाइली वाटण्यासाठी सांबासारखी प्रणाली असते आणि मालकाला सेटिंग करता यावे म्हणून छोटा वेब सर्व्हर असतो. साध्या डिस्कला आपल्याला कोण वाचते आहे याची पर्वा नसते. नॅसला मात्र प्रत्येक मागणीच्या वेळी ठरवावे लागते, की मागणारा कोण, त्याने मागितलेली फाइल नेमकी कोणती आणि ती त्याला द्यायची की नाही. यातला एखादा प्रश्न विचारायचा राहिला, किंवा मागणाऱ्यानेच दिलेले उत्तर खरे मानले, की फाइल भलत्याच्या हाती जाते. गेल्या चाळीस वर्षांत या त्रुटीची रूपे बरीच बदलली. नेटवर्कच्या आत जो आहे तो आपलाच, हा मुळाशी असलेला समज मात्र चिवट निघाला.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४च्या सुमारास नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, तयार केली. दूरच्या सर्व्हरवरची फाइल आपल्याच यंत्रावर असल्यासारखी उघडता यावी, हा तिचा हेतू. सर्व्हर आधीच्या मागणीची आठवण ठेवत नसे, त्यामुळे तो मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी काम अडत नसे. रचना देखणी होती. पण आठवण नसल्याने मागणारा कोण हे दर वेळी मागणीतच लिहावे लागे, आणि ते लिहिणारे असे मागणाऱ्याचेच यंत्र. ‘मी वापरकर्ता क्रमांक ५०१’ असे यंत्राने कळवले की सर्व्हर ते मान्य करी. पडताळणी नाही, पासवर्ड नाही.

त्या काळच्या विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत हे चालून गेले. वर्कस्टेशन महाग होती आणि त्यांचा ‘रूट’ पासवर्ड, म्हणजे सर्वाधिकार, मोजक्या व्यवस्थापकांकडे असे. स्वस्त पीसी आले आणि ज्याच्या टेबलावर यंत्र तोच त्याचा सर्वाधिकारी झाला. मग हवा तो क्रमांक लावून घेणे ही दोन मिनिटांची गोष्ट. क्रमांक शून्य, म्हणजे खुद्द रूट, सांगत कोणी आला तर त्याला सर्वांत कनिष्ठ वापरकर्ता मानायचे, असा उपाय निघाला. त्याने शून्याचा बंदोबस्त झाला. ५०१चे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

दुसरी खोट याहून सूक्ष्म होती. कोणत्या यंत्राला आत घ्यायचे हे सुरुवातीला, फोल्डर जोडताना, एकदाच तपासले जाई. त्यानंतर सर्व्हर फाइलीसाठी एक ‘हँडल’, बिल्ल्यासारखी ओळखखूण, देई आणि पुढे फक्त ती पाहिली जाई. काही प्रणालींत ही खूण अंदाजाने ओळखता येत असे. ज्याने ती ओळखली त्याला दारावरच्या यादीशी कर्तव्यच उरत नसे. डिसेंबर १९९४मध्ये अमेरिकेतील सर्ट या संस्थेने एनएफएसमधल्या त्रुटींबद्दल जाहीर इशारा दिला. पुढच्याच वर्षी डॅन फार्मर आणि विट्से व्हेनेमा यांनी ‘सेटन’ हे तपासणीचे साधन सर्वांसाठी खुले केले. साऱ्या जगाला मोकळे ठेवलेले एनएफएस फोल्डर शोधणे हे त्याच्या कामांपैकी एक होते. असे साधन चोरांच्याही हाती पडेल, म्हणून तेव्हा मोठा गदारोळ झाला. २००० साली आलेल्या एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने केर्बरॉस पद्धतीच्या खऱ्या ओळखपडताळणीची सोय सक्तीची केली. सोय असणे सक्तीचे झाले, ती वापरणे नव्हे. जुनी पद्धत अनेक ठिकाणी तशीच चालू राहिली.

कार्यालयांत दुसरी परंपरा रुजली होती. आयबीएममध्ये जन्मलेली आणि मायक्रोसॉफ्टने वाढवलेली एसएमबी ही फाइल वाटपाची भाषा विंडोजमुळे घरोघर पोहोचली. विंडोज ९५ बाजारात आल्यावर थोड्याच महिन्यांत तिच्यातली एक चूक उघडी पडली. संगणकाच्या भाषेत दोन टिंबे म्हणजे ‘एक पायरी वर’, या फोल्डरच्या बाहेरचे फोल्डर. वाटलेल्या फोल्डरच्या पत्त्यात ही टिंबे घालून मागणी केली की वाटपाची हद्द ओलांडता येत होती. ओसरीवर बसवलेला पाहुणा माजघरातून थेट कोठीच्या खोलीत शिरावा, तसा हा प्रकार. दोन टिंबांची ही वाट पुढे वेब सर्व्हरपासून नॅसपर्यंत असंख्य उपकरणांत पुन्हा पुन्हा सापडत गेली.

२००० सालच्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केलेली त्रुटी तर जवळपास विनोदी होती. विंडोज ९५, ९८ आणि ‘मी’ (एमई) या आवृत्त्यांत वाटलेल्या फोल्डरला पासवर्ड लावता येई. तो किती लांबीचा आहे हे मागणारा सांगे, आणि सर्व्हर तेवढीच अक्षरे ताडून पाही. लांबी ‘एक’ सांगितली की फक्त पहिले अक्षर जुळणे पुरे. मालकाने कितीही लांबलचक पासवर्ड ठेवला असला तरी चोराला एका अक्षराचेच कोडे सोडवायचे होते.

एसएमबीला विंडोजबाहेर नेले ते सांबाने. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९१-९२ दरम्यान कॅनबेरात तिची सुरुवात केली. सांबा मोफत असल्याने नॅस बनवणाऱ्या कंपन्यांनी ती हातोहात उचलली. २०१०मध्ये दिसून आले, की तिच्यातल्या दोन निरुपद्रवी सोयी एकत्र आल्या की घातक होतात. एक सोय वापरकर्त्याला फोल्डरात ‘दुवा’ तयार करू देई, दुसरी तो दुवा नेईल तिथे, वाटपाबाहेरही, जाऊ देई. दोन्ही मुळातच चालू असत. संपूर्ण डिस्ककडे बोट दाखवणारा दुवा तयार केला की काम झाले. सांबाच्या चमूने मूळ सेटिंग बदलले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आलेल्या ३.५ आवृत्तीत मात्र दुसरीच एक चूक शिरली होती आणि ती सात वर्षे कुणाच्या ध्यानात आली नाही. फोल्डरात लिहिण्याची परवानगी असलेला माणूस तिथे प्रोग्रॅम ठेवून तो सर्व्हरकडूनच चालवून घेऊ शकत होता. मे २०१७मध्ये ती दुरुस्त झाली आणि लिनक्सच्या सर्व्हरांवर दुरुस्ती लगोलग पोहोचली. नॅसच्या मालकाला कंपनीची वाट पाहणे भाग होते.

ही वाट पाहणे म्हणजेच घरगुती नॅसचा खरा इतिहास. २०००नंतर तैवानमधल्या सिनॉलॉजी आणि क्यूनॅप, अमेरिकेतील वेस्टर्न डिजिटल अशा कंपन्यांनी ही पेटी छायाचित्रकारांच्या स्टुडिओत, वकिलांच्या आणि हिशेबनिसांच्या कार्यालयांत नेऊन पोहोचवली. पुढे ‘कुठूनही आपल्या फाइली उघडा’ ही विक्रीची घोषणा झाली. त्यासाठी अनेक पेट्या राउटरला सांगून बाहेरचे दार आपणच उघडून घेत. मालकाला त्याचा पत्ताही नसे. चार भिंतींच्या भरवशावर लिहिलेला प्रोग्रॅम भर रस्त्यावर येऊन उभा राहिला. त्यात २००९मध्ये शोडान हे इंटरनेटला जोडलेली उपकरणे हुडकणारे शोधयंत्र सुरू झाले, आणि अशा पेट्यांचे पत्ते शोधायचे कष्टही वाचले.

जानेवारी २०१८मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय क्लाउड पेट्यांत एक गुप्त खाते असल्याचे जाहीर झाले. नाव आणि पासवर्ड दोन्ही प्रोग्रॅममध्येच कोरलेले, मालकाला बदलता न येणारे. खात्याच्या नावात मात्र डी-लिंक या दुसऱ्याच कंपनीच्या सेवेचे नाव होते. डी-लिंकच्या एका पेटीतही तोच प्रोग्रॅम होता आणि तिथे हे खाते २०१४मध्येच काढून टाकलेले होते. उसना आणलेला प्रोग्रॅम दोन घरी नांदत होता. एका घरी दुरुस्त झाला, दुसऱ्या घरी निरोपच गेला नाही.

जुलै २०१९मध्ये लेनोव्हो-ईएमसीच्या, मूळच्या आयोमेगाच्या, जुन्या पेट्यांबाबत आढळलेली त्रुटी या विषयाचा जणू नमुना होती. वेब पानावर लॉगिनची नीट व्यवस्था होती. पण त्या पानामागे पेटीशी बोलणारा जो आडमार्ग होता, तो काहीच विचारत नसे. विशिष्ट मागणी पाठवली की फाइलींची यादी मिळे आणि फाइलीही मिळत. संशोधकांना अशी पाच हजारांहून अधिक उपकरणे आणि त्यांवरच्या तीस लाखांहून अधिक फाइली इंटरनेटवर उघड्या सापडल्या. त्यांत आर्थिक माहितीच्या फाइलीही होत्या. लेनोव्होने निवृत्त केलेल्या आवृत्त्या पुन्हा बाहेर काढून दुरुस्त केल्या. असे क्वचित घडते.

त्याउलट माय बुक लाइव्हची गोष्ट. वेस्टर्न डिजिटलच्या या पेट्या २०१०मध्ये आल्या आणि २०१५नंतर त्यांना दुरुस्त्या मिळणे थांबले. २०१८मध्ये एक गंभीर त्रुटी कळवली गेली, पण उपकरण आता आधाराबाहेर आहे, अशी कंपनीची भूमिका होती. २३ जून २०२१च्या सुमारास जगभरच्या मालकांना आपल्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. वर्षानुवर्षांची छायाचित्रे, दस्तऐवज, सारे पुसलेले. शोध घेता दुसरीच त्रुटी हाती लागली. पेटी कारखान्यातल्या मूळ स्थितीत नेणाऱ्या आज्ञेआधी पासवर्ड तपासणाऱ्या ओळी प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या होत्या, पण त्या निष्क्रिय करून ठेवल्या होत्या. २०११मध्ये ओळखपडताळणीची फेररचना करताना जुन्या ओळी बंद केल्या गेल्या आणि त्यांच्या जागी नवी तपासणी जोडायची राहून गेली, असे कंपनीने सांगितले.  पासवर्ड न देता फाइली पुसणाऱ्याला अडवणारे त्यामुळे काहीच उरले नव्हते. कंपनीने फाइली परत मिळवून देण्याची सेवा आणि जुनी पेटी बदलून घेण्याची सवलत देऊ केली.

खंडणीखोरांना या पेट्यांचा सुगावा त्याआधीच लागला होता. ऑगस्ट २०१४मध्ये सिनोलॉकर या खंडणीखोर प्रोग्रॅमने सिनॉलॉजीच्या दुरुस्ती न केलेल्या पेट्यांतल्या फाइली कुलूपबंद करून ०.६ बिटकॉइन मागितले. एप्रिल २०२१मध्ये क्यूलॉकरने क्यूनॅपच्या बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅममधूनच प्रवेश मिळवला आणि नेहमीच्या ७-झिपने फाइली बांधून पासवर्ड घातला. जानेवारी २०२२पासून डेडबोल्टने लॉगिनच्या पानावरच खंडणीची चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली, मागणी ०.०३ बिटकॉइन. पैसे भरताच किल्ली आपोआप मिळे. नेदरलँड्सच्या पोलिसांनी त्याचाच फायदा घेतला. त्यांनी पैसे पाठवले, किल्ली हाती येताच व्यवहार पक्का होण्याआधी रद्द केला, आणि अशा १५५ किल्ल्या मिळवल्या.

एप्रिल २०२४मध्ये डी-लिंकच्या जुन्या नॅसमध्ये आणखी एक कोरलेले खाते सापडले. त्याला पासवर्डच नव्हता. इंटरनेटवर अशी सुमारे ९२ हजार उपकरणे असल्याचे शोधकाने नोंदवले. कंपनीने दुरुस्ती देणार नसल्याचे सांगून पेट्या वापरातून काढण्याचा सल्ला दिला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ब्रिटनमध्ये नवा कायदा लागू झाला. सर्व उपकरणांना एकच ठरावीक पासवर्ड देण्यास त्याने बंदी घातली आणि दुरुस्त्या किमान कधीपर्यंत मिळतील हे जाहीर करणे बंधनकारक केले. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स कायदा डिसेंबर २०२४मध्ये अमलात आला. त्यानुसार उत्पादनाला साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या द्याव्या लागतील. ही मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७पासून बाजारात येणाऱ्या उत्पादनांना लागू होतील.